दुकान उघडं हाय

जवळा बाजारच्या एसटी थांब्यावरून बाजाराच्या ओट्यांकडे निघालात, की डाव्या हाताला इस्माईलभाईंचं दुकान लागतं. आधी तिथं रेडिओ दुरुस्त व्हायचे, मग टीव्ही, आता मोबाइल आणि लॅपटॉप. वस्तू बदलत गेल्या, टेबल तेच राहिलं. हे दुकान कधी बंद नसतं. ईदच्या दिवशीसुद्धा नमाज आटोपून इस्माईलभाई तासभर का होईना, शटर वर करून बसतात. अंगात ताप असला तरी बसतात. लोक थट्टा करतात, "चाचा, तुमी गेल्यावर बी दुकान उघडंच राहील." इस्माईलभाई हसत नाहीत. हातातलं काम खाली ठेवतात आणि पायरीवरच्या चपलांकडे बघतात.

का, ते सांगतो. सावकाश सांगतो, कारण ही गोष्ट घाईतून घडलेली आहे.

आधी चपलांचं सांगायला हवं. धुळीनं यंत्रं खराब होतात, म्हणून या दुकानात गिऱ्हाईक चप्पल पायरीवर काढतं. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं, की इस्माईलभाई उठून त्याच्या चपला फिरवून ठेवतात. तोंड रस्त्याकडे. जाताना पाय सरळ आत जावा म्हणून. ही त्यांच्या वडिलांची सवय. आलेल्या माणसाला जाणं सोपं झालं पाहिजे, असं ते म्हणायचे. म्हाताऱ्या माणसांना याचं फार बरं वाटतं.

तर दोनेक वर्षांमागची गोष्ट. हळद शिजवायचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडे हवेलाच पिवळा वास येतो. शेताशेतांत कढया चढलेल्या असतात, वाफ निघत असते, आणि दुपारी चारच्या सुमाराला ऊन त्या वाफेत अडकून गढूळ होतं. अशाच एका दुपारी कुरुंद्याहून नर्मदाबाई आल्या. पायरीवर चपला काढल्या आणि पदराखालून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली. तान्हं लेकरू ठेवावं, इतकी हळू.

टॉवेल उघडायच्या आधीच इस्माईलभाईंनी ओळखलं. भागवतचा लॅपटॉप.

भागवत नर्मदाबाईंचा धाकटा मुलगा. लग्नाचे फोटो काढायचा. वय चौतीस. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मोटरसायकलवरून येताना ओढ्याच्या पुलावर अपघातात गेला. पाठीवरच्या बॅगेत हाच लॅपटॉप होता. त्याला ओरखडासुद्धा आला नव्हता.

"चालू व्हते," नर्मदाबाई म्हणाल्या, "अन् पुन्हा बंद पडते. पुन्हा आपसूक चालू व्हते. वसमतला दाखवलं. ते म्हनले भंगारात द्या."

"भंगारात काहून? बघतो ना मी."

"भाऊ, घरात त्याचा एक बी धड फोटो न्हाई. समद्या गावाचे फोटो काढले, त्याचा कोन काढनार? भिताडावर लावायला आधार कार्डावरचा मोठा करून आनला. त्यो त्याच्यासारखा दिसतच न्हाई. सेवा तर म्हनती, हे पप्पा न्हाईत." सेवा म्हणजे भागवतची मुलगी, पाच वर्षांची. "सूनबाई म्हनती, याच्यात हायेत त्याचे फोटो. लेकराला बाप दाखवायचा हाय, एवढंच."

इस्माईलभाई उठले आणि त्यांच्या चपला फिरवून आले. परत बसताना त्यांनी नर्मदाबाईंकडे बघितलं नाही.

"त्या दिवशी तुमच्याकडंच निघाला व्हता," नर्मदाबाई म्हणाल्या. "हेच बिघडलं म्हनून. तुमच्याशी काही बोलला व्हता का वो?"

"न्हाई," इस्माईलभाई म्हणाले.

नर्मदाबाईंनी टॉवेलाची घडी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "एकच चप्पल घावली त्याची. डाव्या पायाची न्हाईच घावली." आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून उठल्या.

ती चप्पल इस्माईलभाईंना ठाऊक होती. त्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तेव्हा त्यांनीच तांब्याची तार ओवून, वर सोल्डरचा थेंब सोडून तो बसवून दिला होता. भागवत हसला होता. "चाचा, मी मेलो तरी हा अंगठा तुटनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम हातात घेतलं. लॅपटॉप सुरू केला. पडदा उजळला, मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचं कडं फिरू लागलं. आतला पंखा घरघरू लागला. घरघर चढत गेली, चढत गेली, आणि मधेच कापल्यासारखी थांबली. पडदा काळा. मग एक बारीक टिक, आणि पुन्हा ठिपके.

असला बिघाड त्यांनी शेकड्यांनी पाहिला होता. मागचं झाकण काढलं. पंख्याच्या पात्यांवर हळदीची पिवळी पूड बसली होती, ती ब्रशनं झाडली. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरनं घासल्या. बटनाएवढा सेल बदलला. चार्जर बदलला. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवून पाहिलं. सगळं झालं. तरी ठिपके फिरायचे, घरघर चढायची, आणि मधेच तुटायची.

अशा वेळी इस्माईलभाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सेकंद मोजत. गरमीचा दोष असेल, तर यंत्र थंड असताना जास्त वेळ टिकतं, तापल्यावर कमी. करंटचा दोष असेल, तर कधी दहा, कधी पन्नास. मोजलं की दोष कुठल्या अंगाला आहे ते कळतं. त्यांनी मोजलं. एक्केचाळीस. पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. अर्धा तास बंद ठेवून, गार करून मोजलं. एक्केचाळीस. उन्हात नेऊन ठेवलं, हात लावला तर चटका बसेल इतकं तापू दिलं. एक्केचाळीस.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांची बोटं ताटाच्या काठावर हलत होती. खुर्शीदबी, त्यांची बायको, बघत राहिली. "क्या गिनते बैठे जी?"

"कुछ नहीं," ते म्हणाले.

पण जेवण झाल्यावर ते मोबाइल घेऊन ओसरीत गेले. भागवतचा शेवटचा फोन त्यांनी पुसून टाकला नव्हता. किती वेळा पुसायला गेले आणि बोट मागं घेतलं, ते त्यांनाच माहीत. त्यांनी ती ओळ दाबली. दिवस, वार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. आणि त्याखाली बारीक अक्षरात, फोन किती वेळ चालला ते.

एक्केचाळीस सेकंद.

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. त्या दिवशीचं सगळं कानात आलं. खुर्शीदबीच्या डोळ्याला हिंगोलीत दाखवायचं होतं. ती दुकानासमोर पिशवी घेऊन उभी होती, गाडीची वेळ झाली होती. शटर अर्धं खाली आलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. मागं मोटरसायकलचा आवाज. भागवत मान वाकडी करून, खांद्यात फोन धरून बोलत होता. "चाचा, दुकान उघडं हाय ना? लॅपटॉप चालू व्हता व्हता बंद पडून राहिला. उद्या लग्नाचे फोटो द्यायचेत. मी येऊनच राहिलो." आणि इस्माईलभाई म्हणाले होते, "मी शटर पाडून राहिलो बाबा. येतो तर जल्दी ये. न्हाई तर दुकान बंद." त्यावर तो काही बोलला नाही. फक्त गाडीचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि मधेच तुटला. त्यांना वाटलं, रेंज गेली. त्यांनी शटर पाडलं, कुलूप लावलं आणि ते हिंगोलीला गेले.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सकाळी दुकानात आल्या आल्या त्यांनी लॅपटॉपच्या पोटातली हार्ड डिस्क काढली. फोटो असतात ते तिच्यात. ती दुसऱ्या यंत्राला जोडू, फोटो काढून घेऊ, आणि नर्मदाबाईंना देऊन मोकळं होऊ, असा त्यांचा विचार. डिस्क त्यांनी टेबलावर, खडूच्या डबीशेजारी ठेवली आणि झाकण बसवायला लॅपटॉप सरळ केला.

पडदा उजळला. ठिपके फिरू लागले.

तुम्हाला यातलं कळत नसेल तर सांगतो. डिस्क काढली, की ते ठिपके येत नाहीत. यंत्र नुसतं सांगतं, माझ्यात काही नाही. विहीर बुजवली आणि तरी रहाटाला पाणी आलं, तसं ते होतं. इस्माईलभाईंनी हात मागं घेतला. घरघर चढत गेली. दुकानात हळदीच्या वाफेचा वास होताच, त्यात आता पेट्रोलचा वास मिसळला. ओल्या मातीचाही. बाहेर कडक ऊन होतं, आणि ओढ्याच्या काठाला येतो तसा तो ओला वास टेबलाखालून वर येत होता. एक्केचाळीसला घरघर तुटली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की ती पंख्याची घरघर नव्हतीच.

तो येत होता. पुन्हा पुन्हा निघत होता, आणि पुन्हा पुन्हा त्या पुलापर्यंतच येत होता.

त्यांनी लॅपटॉपची वायर काढली, बॅटरी काढली, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि बॅटरीसकट मागच्या फळीवर ठेवला. टेबलावरच्या डिस्कला हात लावायचाही त्यांना धीर झाला नाही; त्यानंतरचे चार दिवस ते फळीकडे पाठ करून बसले. दुपारचे चार वाजले, की ते रेडिओचा आवाज मोठा करत.

पाचव्या दिवशी बाजार होता. नर्मदाबाई स्वतःच आल्या. हातात पितळेचा लहान डबा होता.

"झालं का वो भाऊ?"

"न्हाई बाई. व्हनारं न्हाई ते. घेऊन जा."

नर्मदाबाई स्टुलावर बसल्या. इस्माईलभाईंनी उठून त्यांच्या चपला फिरवल्या. त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

"तुमाला एक सांगू? आमच्यात दहाव्याला नदीवर भाताचा पिंड ठेवतेत. कावळा शिवला म्हंजे माणूस सुटला. न्हाई शिवला तर त्याचं मन कशात तरी अडकलं समजायचं. मंग घरचे बोलतेत. तुझं हे करू, तुझं ते करू. बराबर बोललं की कावळा शिवतो." त्यांनी डबा मांडीवर घेतला. "भागवतला न्हाई शिवला. थोरला म्हनला, सेवाला शिकवतो. सूनबाई म्हनली, मी दुसरं घर करनार न्हाई. मी म्हनलं, लेकरा, मी रडनार न्हाई. काय काय बोललो. कावळे झाडावर बसून व्हते, खाली येईनात. दोन वाजले. मंग बामणानं दर्भाचा कावळा केला, गवताचा, अन् तोच पिंडाला लावला. समदे घरी आले. मी म्हनलं, ही फसवणूक झाली. लेकराला आपन फसवलं."

इस्माईलभाईंची नजर मागच्या फळीकडे गेली.

"ते काढा ना खाली. एकदा माझ्यासमोर चालू करा."

त्यांनी टॉवेल टेबलावर ठेवला. उघडला. वायर जोडली. ठिपके फिरू लागले. नर्मदाबाई पडद्याजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सेवाची काळजी करू नको रे." घरघर तुटली. पुन्हा ठिपके. "तुझा कॅमेरा इकनार न्हाई." तुटली. "मी येते तुझ्याकडं लवकर... वाट बघ." तुटली. त्या प्रत्येक वेळी थोडं थांबत, आठवत, आणि पुन्हा बोलत. इस्माईलभाईंना ते बघवेना. ते त्यांच्या डोक्यावरून बाहेरच्या गर्दीकडे बघत राहिले. पायरीपाशी अंथरलेल्या पत्र्याच्या कडेला, ते लॅपटॉप खाली काढत असताना, नर्मदाबाईंनी डब्यातला दहीभात पानावर काढून ठेवला होता, तो त्यांना आता दिसला. समोरच्या कडुलिंबावर कावळे बसले होते. चार-पाच. खाली येत नव्हते.

"भाऊ." नर्मदाबाईंनी मान वर केली नाही. "तो तुमच्याशी बोलला व्हता ना?"

बाजाराचा कालवा एकाएकी लांब गेल्यासारखा वाटला.

"व्हय," इस्माईलभाई म्हणाले. "बोलला."

"काय म्हनला?"

"दुकान उघडं हाय का म्हनला... मी म्हनलं, बंद करून राहिलो. जल्दी ये म्हनलं." ते पायरीवरच्या चपलांकडे बघू लागले. "मीच म्हनलं बाई, जल्दी ये."

नर्मदाबाई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फक्त स्टूल थोडं बाजूला सरकवलं, आणि पडद्यासमोर त्यांना जागा करून दिली.

"मंग आमचं कोनाचंच बराबर न्हाई. तुमी बोला."

"बाई, असं... गेलेल्या माणसाला ये म्हनू नये."

"माझं लेकरू रस्त्यावर हाय, भाऊ. उन्हात."

त्याच वेळी लाइट गेली. बाजारभर पंखे थांबले, समोरच्या रसवंतीचं चाक थांबलं. दुकानाचा मागचा भाग अंधारला. लॅपटॉपची बॅटरी फळीवर होती, डिस्क खडूच्या डबीशेजारी होती, आणि वायरीत करंट नव्हता. पडद्यावर ठिपके फिरत होते. त्यांचा पांढरा उजेड नर्मदाबाईंच्या कपाळावर पडला होता.

इस्माईलभाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीखाली तो आवाज ऐकू येत होता. चढत जाणारा. जल्दी येणारा. घड्याळात तीस झाले. पस्तीस.

"भागवत," ते म्हणाले. "बाबा... सावकाश ये. घाई न्हाई. दुकान उघडं हाय. मी बसलोय. तू येस्तोवर मी शटर पाडनार न्हाई."

एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस.

घरघर तुटली नाही. ती उतरली. पुलावरून गाडी सावकाश यावी, गावात शिरताना गियर कमी व्हावा, आणि दारात येऊन दोनदा धडधडून थांबावी, तशी ती थांबली. बाहेर पत्र्यावर नखं वाजली. इस्माईलभाईंनी बघितलं, तर एक कावळा खाली उतरून दहीभातात चोच घालत होता.

पडदा उघडला होता. भागवत होता त्यात. सेवाला खांद्यावर घेऊन हळदीच्या ढिगापाशी उभा, ऊन डोळ्यावर आल्यानं एक डोळा मिटून हसणारा. नर्मदाबाईंनी काचेवर हात ठेवला.

"आला," त्या म्हणाल्या.

त्या खूप वेळ बघत राहिल्या. लाइट आल्यावर इस्माईलभाईंनी डिस्क परत आत बसवली, बॅटरी लावली. लॅपटॉप व्यवस्थित सुरू झाला. आजही तो कुरुंद्यात चालतो आहे, आणि त्याच हसऱ्या फोटोला नर्मदाबाईंच्या भिंतीवर हार आहे. जाताना त्यांनी इस्माईलभाईंच्या डोक्यावर हात ठेवला, ते वयानं मोठे असूनही.

त्या संध्याकाळी इस्माईलभाई हलक्या मनानं घरी गेले. शटर मात्र त्यांनी पुरतं पाडलं नाही, हातभर उघडं ठेवलं. शब्द दिला होता म्हणून.

सकाळी पायरीवर एक चप्पल होती. डाव्या पायाची. अंगठ्याला तांब्याची तार, तारेवर सोल्डरचा थेंब. तळ ओला होता. तोंड दुकानाकडे.

ते तिच्याकडे बघत उभे राहिले. मग रोजच्या सवयीनं वाकले, आणि ती फिरवून ठेवली. तोंड रस्त्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आत तोंड करून होती. तिसऱ्या दिवशीही. ते रोज फिरवायचे, रोज ती उलटलेली असायची. स्टुलावर गिऱ्हाईकं बसेनाशी झाली. "गार लागतंय चाचा," म्हणायची आणि उभ्या उभ्या काम सांगायची. इस्माईलभाईंना हळूहळू कळलं, आपण ये म्हणालो, जा म्हणालो नाही. आणि जा कसं म्हणायचं, ते त्यांना सुचत नव्हतं. त्या पोराला एकदा 'न्हाई तर दुकान बंद' म्हणून झालं होतं.

दोन महिन्यांनी खुर्शीदबीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. हिंगोलीला दोन दिवस राहावं लागणार होतं. दुकानात महागाचे मोबाइल आलेले होते, हातभर उघडं टाकून जाणं बरं नव्हतं. इस्माईलभाई शटरपाशी बराच वेळ घोटाळले. मग त्यांनी ते खालपर्यंत ओढलं आणि कुलूप लावलं. कुलूप लागताना आत कुठंतरी बारीक टिक वाजली, असं त्यांना वाटलं. गाडीची वेळ झाली होती. ते निघाले.

दोन दिवसांनी संध्याकाळी दोघं घरी आले. दुकान उद्या उघडू म्हणून इस्माईलभाई सरळ घरीच आले होते. प्रवासानं थकून ते मागच्या अंगणात बाजेवर पडले, आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली, तेव्हा खुर्शीदबी एका डोळ्यावर पट्टी बांधलेली, चहा घेऊन दारात उभी होती.

"अजी, उठो ना," ती हळू आवाजात म्हणाली. "कब से मेहमान आके बैठे."

"कोण मेहमान?"

"मेरेकू क्या दिखता जी... देहलीज पे एकच चप्पल थी, भिगी हुई. मैं बोली, कोई बिचारा लंगडा आदमी होंगा." तिनं आतल्या खोलीकडे मान केली. "मैं बोल दी, जल्दी नको करो, घर अपनाच है. आराम से बैठो."

तिच्या हातातल्या ताटलीत तीन कप होते.